डायबिटीस आहे म्हणून साखर काढून घेतली

आज आत्याकडे जेवायला गेले होते. "पानं वाढतेय," ती म्हणाली, म्हणून मी इन्सुलिन टोचून घेतलं. तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मकरपुऱ्याहून काकांचा फोन आला, निघतोय म्हणून. मग सगळे त्यांच्यासाठी थांबले.

इन्सुलिन कोणासाठी थांबत नाही. पोटात अन्न नसलं तरी ते रक्तातली साखर उतरवतच राहतं.

थोड्या वेळात माझे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. साखरेचा डबा उघडला, तर आत्याने तो काढून घेतला. "अगं, तुला डायबिटीस ना? साखर कसली खातेस?"

भांडून दोन-तीन चमचे खाल्ले, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

नंतर तीच आत्या मला आग्रह करकरून गुळाची आमटी वाढत होती.

मंडळी, तुमच्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल, तर त्याने थरथरत साखर मागितल्यावर तुम्ही डबा द्याल की काढून घ्याल?