लगेज कोणाचं?

सुरतेत लिंबायतला राहणाऱ्या शोभाबाईच्या कानावर 'लगेज' शब्द पडला, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सामान आपलं असतं आणि लगेज दुसऱ्याचं, हा तिचा पक्का अनुभव होता. ती माहेरी पारोळ्याला जायची आणि परत निघाली, की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन दारात उभी. कोणाचा मुलगा सुरतेत कतारगामला, कोणाची लेक तिथल्याच सचिन भागात. "जातेच आहेस, तर एवढं लगेज ने ना!" मग खानदेशी दादर ज्वारी, भरताची वांगी, उडदाचे पापड. तिचं स्वतःचं म्हणाल, तर मांडीवरची एक कापडी पिशवी.

यंदाही परतताना सुरतेत उधन्याला लक्झरी बस थांबली आणि क्लीनर डिकी उघडून ओरडला, "लगेज कोणाचं? उतरवा लवकर!" कंबर धरून शोभाबाईनेच एकेक पोतं ओढून काढलं. ज्यांचं होतं त्यांचे फोन तेवढे आले. "मावशी, वांगी दबली नाहीत ना?" तू नीट पोचलीस का, हे एकानेही विचारलं नाही.

तेवढ्यात तिचा मुलगा हेमराज मोटारसायकल घेऊन आला. तिला हायसं वाटलं. त्याने भराभर पोती मागच्या सीटवर बांधली आणि किक मारली.

"माय, आधी लगेज टाकून येतो. तू थांब इथंच."

शोभाबाईने दोरी सोडली, पोती खाली ढकलली आणि स्वतः सीटवर बसली.

"अगं, लगेजचं काय?"

"थांबेल ते इथंच," ती म्हणाली. "चल तू."