एक रुपया, लेस्टर ते पुणे

नवा फोन घेतल्यावर भारतातल्या बँकेचं ॲप मी एकदाही उघडून पाहिलं नाही. उघडलं ते थेट लेस्टरमध्ये, लेकीच्या शाळेत, भारताच्या स्टॉलवर, हेडटीचर समोर उभ्या असताना.

त्या वर्षी मुलांना इतिहासात जुनी जागतिक प्रदर्शनं अभ्यासाला होती. त्यात कुठल्या देशानं काचेचा महाल उभारलेला, कुठल्या देशानं लोखंडी मनोरा. म्हणून शाळेनं हॉलमध्येच एक छोटं प्रदर्शन भरवलं. प्रत्येक देशानं आपली एक प्रगती दाखवायची. बायको म्हणाली, "सरळ समोसे घेऊन जा." मी भडकलोच. एवढ्या मोठ्या देशाची ओळख काय, तर समोसा?

माझा बेत भव्य होता. लेस्टरमध्ये क्यूआर कोड स्कॅन करायचा, की पुण्यात भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरचा स्पीकर त्याच क्षणी ओरडणार, "एक रुपया मिळाला!" तिकडे गाडीपाशी माझी आई उभी, तिचा व्हिडिओ कॉल इकडे हॉलच्या मोठ्या पडद्यावर. इकडे लेक दोन आठवडे आरशासमोर भाषण घोकत होती.

भाषण तिनं झकास केलं. मी ऐटीत स्कॅन केलं. ॲप म्हणालं, फोन नवीन दिसतोय, ओटीपी टाका. आणि बँकेला दिलेल्या नंबरचं सिम होतं पुण्यात, आईच्या फोनमध्ये.

"आई, मेसेज आला ना? आकडे सांग."

"नाही सांगणार."

"अगं, मी आहे!"

"हल्ली आवाज नकली करतात, तोंडही नकली करतात. तूच बजावलंयस, ओटीपी देवालासुद्धा द्यायचा नाही."

शेजारी जपानचा रोबो वाकून वाकून नमस्कार करत होता. हेडटीचर हळूच तिकडे सरकू लागल्या. लेकीचे डोळे भरले. तिनं माझ्या हातातून फोन ओढला.

"आजी, प्लीज सांग ना! सगळे चाललेत!"

"तुला सांगते हो बाळा. पण त्याला ऐकू देऊ नकोस." आणि आईनं कॉलच्या स्पीकरवरून अख्ख्या हॉलला सहा आकडे खणखणीत ऐकवले.

लेकीनं ते टाकले. पुण्यात स्पीकर गरजला. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. हेडटीचर धावत परत आल्या, "अगेन, अगेन!" मग काय, प्रत्येक पोराला एकेक रुपया पाठवायचा होता. जपानचा रोबो एकटाच वाकत राहिला.

शेवटी पडद्यावर आईच्या जागी मावशींचा चेहरा आला.

"दादा, अर्धा तास झाला, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय. पोरगी हुशार आहे तुमची. पुढच्या वेळी तुम्ही घरीच थांबा."