शेवटच्या डिस्कआधीची पैज

माझ्या नवऱ्याने आणि मुलीने मिळून मला फसवलं. एका कोरियन मालिकेवर पैज लावून फसवलं, आणि त्या पैजेत मी मुलगी हरले.

मी लंडनच्या क्रॉयडन भागात पडद्यांचं दुकान चालवते. सुरुवात बाजारातल्या एका टेबलापासून केली. नवरा भूलतज्ज्ञ डॉक्टर असूनही त्याच्याकडून काही घेतलं नाही. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते घेणार आहे की नुसतं कापड चाचपून जाणार, हे मला कळतं. घरात कोणी खोटं बोललं तरी कळेल, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी मुलीला दूर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळत होता. लंडनमध्येही मिळत होता. तिने ग्लासगोचं विचारलं, मी नाही म्हटलं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं, जरा आवाज चढवून. त्यानंतर विषय निघाला नाही. मला वाटलं, मिटलं.

डीव्हीडींचे दिवस होते. मालिकेचा अख्खा संच न्यू मॉल्डनच्या कोरियन दुकानातून मीच घासाघीस करून आणला होता. नायिका भावाच्या खुनाचा सूड घ्यायला एका सरकारी वकिलाशी लग्न करते. तिचं त्याच्यावर खरंच प्रेम आहे की सगळं नाटक, यावर गोष्ट चाललेली. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही तिघं बसायचो. नियम एकच: पुढचं एकट्याने बघायचं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत शेवटची डिस्क उरली.

"नाटक आहे," मी म्हणाले. "हसण्याआधी ती दाराकडे बघते. न घेणारं गिऱ्हाईक असंच करतं."

"अगं, प्रेम आहे तिचं," नवरा म्हणाला.

"अहो, तुम्ही माणसांना भूल देता. जागी माणसं मी बघते."

"मग लाव पैज. तू जिंकलीस तर ही लंडनमध्येच राहील. मी जिंकलो तर ग्लासगो."

"बाबा, प्लीज! माझं फ्यूचर असं टीव्हीवर नको," मुलगी म्हणाली. "आणि हरली की आई बॅक आउट करणार."

ते मला झोंबलं. मी हात पुढे केला. ठरलेल्या सौद्यातून मी कधी मागे फिरत नाही, हे त्या दोघांना पक्कं माहीत होतं.

शेवटच्या भागात नायिकेने नवऱ्याच्या सूपमध्ये विष घातलं, आणि तो पहिला घोट घेणार तेवढ्यात वाडगा ओढून स्वतः प्यायली. माझा नवरा सोफ्यावरून उडालाच. मुलगी रडली. सप्टेंबरात मी तिला यूस्टन स्टेशनवर ग्लासगोच्या गाडीत बसवून आले.

त्यानंतर दुसरा संच आणायला गेले. भाव पाडत होते, तेव्हा दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "आता आणखी कमी नाही. मागच्या संचाची शेवटची डिस्क मी फुकट बदलून दिली."

"मला?"

"तुमच्या मिस्टरांना. मुलगी होती बरोबर. अगदी शेवटी अडकते म्हणाले, बाई वाडगा उचलते तिथे."

"कधी?"

"शाळांना फेब्रुवारीची सुट्टी होती तेव्हा."

फेब्रुवारीत आमची मालिका निम्म्यावरही आली नव्हती. म्हणजे ते उडणं, ते रडणं, मला डिवचणं, सगळं आधीच बसवलेलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेल्या किमतीला वस्तू घेतली आणि बाहेर पडले.

त्या मालिकांत फसवणारा माणूस शेवटी फसवलेल्यासमोर येऊन उभा तरी राहतो. आमच्या घरी अजून कोणी उभं राहिलेलं नाही. मुलगी आता तिकडेच नोकरी करते, बरी आहे. नवरा तिला फोनवर तिथल्या थंडीबद्दल विचारतो. मी गप्प आहे, आणि मी इतकी गप्प का, हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं नाही.

माझा राग ग्लासगोवर नाही. मी दोनदा नाही म्हटलं म्हणजे तो नकार नसतो, बोलणी सुरू झालेली असतात. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हे कळू नये? तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी अटी घातल्या असत्या, भांडले असते आणि तिला जाऊ दिलं असतं.

या ख्रिसमसला ती घरी येते आहे. टीव्ही बंद असेल. दोघांनी त्याच सोफ्यावर बसायचं आणि मला सांगायचं: तिसऱ्यांदा विचारायचं नाही, हे तुमच्यापैकी कोणी ठरवलं?