पान्यावरचं नाव

शहाड स्टेशनबाहेर तो गोणपाटावर जुनी हत्यारं मांडून बसायचा. बंद पडलेल्या कारखान्यांतले गंजलेले पाने, हातोडे तो भंगारातून आणायचा, डिझेलमध्ये भिजवायचा आणि तारेच्या ब्रशने घासून पुन्हा कामाजोगे करायचा. काही हत्यारांवर जुन्या कामगारांनी आपलं नाव ठोकलेलं असे. घासताना ते नाव झिजू नये म्हणून तो त्यावर अंगठा धरायचा.

एकदा माझ्यासमोरच एक बाई आल्या. कोलशेतला एक कारखाना पाडून टॉवर झाला, त्याखाली आपलं कॅफे आहे, असं त्या म्हणाल्या.

"काका, नाववालेच द्या हं. भिंतीवर लावायचेत. एकदम ऑथेंटिक वाटतं."

"कुठला कारखाना म्हणालात?"

बाईंनी सांगितलं. त्याने ढिगातून एक पाना काढला. "हा तिथलाच."

"वॉव! हाच द्या."

त्याने पाना शिकंज्यात आवळला, कानस घेतली आणि थेट नावावरच चालवली.

"अहो काका, नाव जातंय!"

"गेटला टाळं लावलं तेव्हा एकाला तरी नावाने हाक मारली का कोणी?" तो मान वर न करता म्हणाला. "आता भिंतीला टांगायला नाव पाहिजे होय?"

"मग नको मला," म्हणत बाई रिक्षात बसल्या. ज्यांना हाकलून टॉवर बांधला, त्यांची नावं आता कॉफीसोबत शोभेला हवी होती.

थोड्या वेळाने एका प्लंबरने तोच पाना उचलला.

"घट्ट पकडतो ना?"

"पकडतो."

देताना त्याचा अंगठा त्या सपाट जागेवरून एकदा फिरला.

ते नाव मी वाचलं होतं. इथे लिहिणार नाही.