पहिलं हाये, वेळ लागते

आमच्या गावात कुत्री भुंकत असली की माणसं बिनघोर असतात. भुंकता भुंकता ती एकदम चूप झाली, की मात्र हाकाहाक सुरू होते, पोरांना ओढून आत घेतात, धडाधड दारं लागतात. वाघ जवळ आला की कुत्रं भुंकत नाही, शेपूट घालून चुलीमागे लपतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. जंगलाला लागून असलेल्या या गावात, माझ्या आईकडे, मी पहिल्या बाळंतपणाला गेले.

मी चंद्रपूरला शाळेत शिकवते, नवराही तिथेच नोकरीला. आई न्यायला आली होती. जाताना वाटेत ब्रह्मपुरीला उतरून डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तपासलं, तारीख दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. "पहिली वेळ आहे, तारखेच्या पुढे जाऊ शकतं, घाबरू नका. पण बाळाचं हलणं कमी वाटलं तर हातातलं काम टाकून इथे या." आईनं यातली पहिली गोष्ट घरी आणली. दुसरी ती तिथेच बाकड्यावर विसरली.

तारीख आली आणि गेली. धानाची कापणी सुरू होती. कापणीला जाणाऱ्या बाया आमच्या दारापाशी थांबायच्या. "काऊन वो, अजून नाई झाली?" जसं काही मी बस चुकवून बसले होते. एकीला मी म्हटलं, "झाली ना, सांदुकीत ठेवली हाये. दाखवू?" ती हसली नाही. आईनं मात्र मला आत नेऊन झापलं.

आणि मग सगळ्यांचं ते ठरलेलं वाक्य. पहिलं हाये, वेळ लागते. पाय सुजले, पहिलं हाये. कंबर दुखते, पहिलं हाये. रडू येतं, अवो पहिलं हाये, असंच होते. मला त्या शब्दाचा वीट आला होता. खोटं नव्हतंच ते. डॉक्टरीणबाईही तेच बोलल्या होत्या. पण एकच औषध सगळ्या दुखण्यांवर द्यावं, तसं ते वाक्य मला सकाळ-संध्याकाळ पाजलं जायचं.

रोज दिवेलागणीला बाबा बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायचे आणि आम्ही वंदना म्हणायचो. बाबांचा आवाज भारदस्त. त्यांनी पहिला शब्द उच्चारला की माझ्या पोटात लाथ बसायची, अगदी बरगडीखाली. एकदा मी वंदनेतच "अगं आई गं" म्हणाले. बाबा डोळे मिटूनच हसले. "नातू भंतेजी होते बघ," म्हणाले. आई म्हणाली, "भंतेजी लाथा मारत नाईत."

एका संध्याकाळी लाथ बसली नाही.

बाबांची वंदना संपली, मेणबत्ती अर्धी उतरली, मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. निजलं असेल, म्हटलं. त्याच दिवशी नाल्यापाशी वाघानं एक गोऱ्हा ओढून नेला होता. मोबाइलवर वनखात्याचा निरोप फिरत होता की त्या रस्त्यानं कोणी जाऊ नये. घरात सगळं बोलणं वाघाचं. त्यात मी माझं काय सांगणार?

सकाळी मात्र सांगितलं. "आई, कालपासून हलून नाई राह्यलं." आईचा चेहरा उतरला. ती धावत जाऊन मोठ्या आईला घेऊन आली. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. गावात तिच्या शब्दाला मान. तिनं स्वतःची पाच बाळंतपणं काढलेली, दुसऱ्यांची तर मोजायलाच नको. तिनं पोट चाचपलं आणि हसली. "अवो, खाली उतरलं ना ते! चूप झालं म्हणजे निघाची तयारी करून राह्यलं. आता कळा येतेच. कायले भेतेस?"

"पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या..."

"पहिलं हाये पोरी. तुले काय समजते?"

घरात एकदम सणासारखं झालं. आईनं जुनी मऊ लुगडी काढून फाडायला घेतली. नवऱ्याला फोन केला, तर तोही म्हणाला, मोठ्या माणसांचं ऐक. मी गूळपाणी प्यायले, डाव्या कुशीवर निजले, पोट हलवून पाहिलं, पोटाशी बोलले. उठ ना गं, म्हटलं. उठ ना माझ्या माये. काही नाही. नुसतं ओझं, धोंड्यासारखं. कळ एकही नाही. आई लुगडी फाडत होती आणि तो टर्रटर्र आवाज माझ्यानं ऐकवत नव्हता.

संध्याकाळी बाबांनी मेणबत्ती लावली, पहिला शब्द उच्चारला आणि मी ओरडले. घरात वंदनेच्या वेळी कोणी कधी ओरडलेलं नाही. "कुत्रे चूप झाले त तुम्ही दारं लावता. अंगणात पाय ठेवू देत नाई कोनाले. अन् माझं पोट चूप झालं त हसता! लुगडे फाडता!"

मोठी आई काहीतरी म्हणायला लागली. बाबांनी हात वर केला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की त्यांना कळलं. त्यांनी फोन उचलला. दवाखान्याची गाडी दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती. जीपवाला म्हणाला, "भाऊ, नाल्यावर बसून हाये तो. अंधारात गाडी बंद पडली त मी काय करू? उजाडल्या-उजाडल्या येतो."

उजाडल्यावर आला. नाल्यापाशी धुकं होतं आणि वाघ कुठेच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मशीन पोटावर फिरवलं. खाली, वर, परत खाली. आधी त्या बोलत होत्या, मग थांबल्या. नर्सही थांबली. मी त्यांना काही विचारलं नाही. चूप होणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

कळा आणाव्या लागल्या. हे कोणी सांगत नाही बाई, की गेलेल्या बाळालाही जन्म द्यावाच लागतो. दिवसभर मी त्या खाटेवर होते. एकदा विचारलं, अजून किती? नर्सनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "पहिलं आहे ना, वेळ लागतो," ती अगदी हळू म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मुलगी होती. डोक्यावर भरपूर केस होते. बाबांनी तिला हातात घेऊन वंदना म्हटली, त्याच भारदस्त आवाजात.

नंतर भेटायला आलेले म्हणाले, "पहिलंच होतं, दुसरं होईल." त्यांच्या तोंडावर मी दार लावून घेतलं. अजूनही राग येतो मला. तो जावा असं मला वाटतही नाही.

या पावसाळ्यात मला पुन्हा दिवस गेले. त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो, आई आणि मावशी सोबत. नर्स नवी होती. तिनं विचारलं, "कितवी वेळ?"

"पहिलीच समजा," मावशी पटकन म्हणाली.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी आईच बोलली. "दुसरी. पहिली पोरगी होती. पोटात चूप झाली होती, अन् आमाले समजलं नाई."

नर्सनं मान हलवली, लिहून घेतलं. आत तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाई सूचना सांगायला लागल्या, तर आईनं त्यांना मध्येच थांबवलं. "हलणं कमी झालं त लगेच याचं ना बाई?"

त्या हो म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन आई मागे फिरली आणि तेच पुन्हा विचारून आली.