वुनिमोलीचा एक कंद

अकानिसीबाईंना अख्खं गाव घाबरायचं, आणि घाबरायलाच हवं. फिजीतल्या कांदावू बेटावर ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं, तो गणितात त्यांच्याच हाताखालून गेलेला. पहिल्या दिवशी त्या मुलांपुढे पाच शिंपले टाकायच्या. "सांगा, किती तऱ्हांनी ढीग होतील?" मुलं भराभर मांडायची. चार नि एक, एक नि चार...

"थांबा! हे दोन्ही एकच. कुठला ढीग आधी मांडला, त्याला काडीची किंमत नाही."

नीट मोजल्यावर सात तऱ्हा निघायच्या. एखादा आगाऊ विचारायचाच, "बाई, पाच नि शून्य?"

"रिकाम्या जागेला ढीग म्हणतोस? बस खाली!"

गावाला हे गणित कधी पटलं नाही. गावात कुणाचा ढीग आधी, यावरच तर सगळे रुसवेफुगवे. मेजवानीला मैदानात अळूच्या कंदांचे ढीग लागतात आणि सरदाराच्या वतीनं बोलणारा माणूस एकेका घराच्या जोत्याचं नाव पुकारतो. नाव पुकारलं, घरच्यांनी हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, की वाटा त्यांचा आणि घर गावात कायम. नाव निघालं नाही तर ते जोतं थंड झालं म्हणायचं. मग जागा दुसऱ्याची.

त्या वर्षी पुकारायला होता अपिसाई, बाईंचा सख्खा काका. वुनिमोली नावाच्या जोत्यावर विलियामेची विधवा सेरेइमा एकटीच राहत होती. परक्या बेटावरची, मूलबाळ नाही. अपिसाईला तिथं आपल्या मुलाचं घर बांधायचं होतं. त्यानं सगळी नावं घेतली आणि वुनिमोली बेलाशक गाळलं. सेरेइमा चटईच्या कडेला मान खाली घालून बसली होती.

बाई उठून उभ्या राहिल्या. वाटप चालू असताना बायका तोंड उघडत नाहीत. पण बाईंचा आवाज वर्गातलाच निघाला.

"काका, एक घर राहिलं."

"राहिलं कुठं? तिच्या वाट्याला शून्य आलंय. तू गणितवाली ना, कर की हिशेब!" पुरुष खो-खो हसले.

"शून्याला वाटा म्हणत नाहीत. माझ्या वर्गातल्या शेंबड्या पोरांनाही कळतं. वाटा म्हणजे निदान एक. मोडा ढीग, पुन्हा मांडा."

"खाली बस, अकानिसी! बापाचं नाव घालवू नकोस."

"नाही बसत. हिंमत असेल तर या आणि बसवा मला."

कुणी जागचं हललं नाही. अपिसाईचं डोकं फिरलं. त्यानं ढिगातला सगळ्यात किडका, मुठीएवढा कंद उचलला आणि सेरेइमाच्या पुढ्यात भिरकावला. "घे! वुनिमोली! एक! झालं समाधान?"

तो एकटाच हसला. आधी म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं. मैदानात कंद पडला होता, जोत्याचं नाव पुकारलं गेलं होतं, तेही पुकारणाऱ्याच्याच तोंडून. ते आता कुणालाच मागे घेता येणार नव्हतं.

"अहो, मी चेष्टेनं..." अपिसाई चाचरला.

"सेरेइमा, टाळ्या वाजव," बाई म्हणाल्या.

तिची पहिली टाळी वाजलीच नाही. दुसरी मात्र मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेली. तिनं तो किडका कंद मातीसकट मांडीवर घेतला, मान वर केली आणि अपिसाईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "वुनिमोलीला वाटा पोचला."