पोह्यांवरची सेव

लेकीच्या पाठीवर चहाच्या रंगाचे डाग उमटले, तेव्हा मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तसेच डाग माझ्या अंगावर आहेत, आणि आता हातांवर नसांच्या मऊ गाठीही. हा आजार आईकडून लेकीकडे जाऊ शकतो. दागिने द्यायचे राहिले, हे मात्र वेळेवर पोचलं.

आजार शरीरापुरताच आहे अशी माझी समजूत होती. तिसरीत तिला फळ्यावरची आकृती वहीत उतरवता येईना, वर्गात लक्ष टिकेना. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, बुद्धीची चाचणी करून आणा, मग हिला इथे ठेवायचं की दुसरी शाळा बघायची ते ठरवू. माझी आई म्हणाली, "पोर तुझ्यावर गेली." मी ढ आहे यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं. भूमिती मला कधी जमली नाही, परदेशीपुऱ्यात जन्म काढूनही मी गल्ल्या चुकते. त्या एकमतात मीही सामील होते. पण लेकीबद्दल ते ऐकून मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

पलासियातल्या क्लिनिकमध्ये मी बाहेर बसले. दार अर्धवट उघडं होतं. ठोकळे जुळवताना ती पार अडकली. तिने काढलेला चौकोन कुठल्या कुठे गेला. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

मग चाचणी घेणाऱ्या मॅडमनी चित्रं दाखवली. प्रत्येकात काय राहिलंय ते ओळखायचं. मांजराची शेपटी तिने लगेच सांगितली. पुढच्या चित्रात एक मुलगा पोहे खायला बसला होता, हातात चमचा नव्हता.

"सेव नाहीये," लेक म्हणाली.

मॅडमनी परत नीट बघायला सांगितलं.

"बघितलं ना. चमचा नाही तो हाताने खा लेगा. पण बिना सेव के पोहे कसा खाईल?"

मॅडम हसल्या ते बाहेरपर्यंत ऐकू आलं.

नंतर त्यांनी मला आत बोलावलं. समज वयाप्रमाणे अगदी ठीक आहे, त्या म्हणाल्या. आकार आणि लक्ष, एवढ्यात ती मागे पडते. या आजारात पुष्कळांचं तसं होतं, सगळ्यांचं सारखं नसतं. पुढच्या बाकावर बसवा, लिहायला वेळ जास्त द्या, शाळा बदलायचं कारण नाही. मी मान हलवत राहिले.

खाली ठेल्यावर आम्ही पोहे घेतले. तिने सेव दोनदा मागून घेतली.

"आई, तुला पण ठोकळे नाही जमायचे?"

"नाही गं."

"मग पोह्यांचं? ते तुला नाही विचारलं?"

"नाही," मी म्हटलं. "ते मला कुणी विचारलंच नाही."

तिने आपल्या बशीतली थोडी सेव माझ्या बशीत टाकली.